आधी सांग, डाग कुठला

गवताचा डाग काकवीनं जातो. साबणानं नाही, सोड्यानं तर मुळीच नाही. गूळ करताना जो काळसर चिकट पाक निघतो ना, ती काकवी डागावर चोळायची, अर्धा दिवस तशीच राहू द्यायची आणि मग गार पाण्यानं धुवायची. मी हे सांगते तेव्हा माझ्या सुना एकमेकींकडं बघून हसतात. चिकटानं कपडा साफ होतो हे कुणाला खरं वाटणार? लग्न होऊन भालकीत आले तेव्हा मीपण हसलेच होते.

मला हे शिकवलं गंगाक्कानं. आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पुढचं लिहिणं-वाचणं पोरांच्या पुस्तकांवरून झालं, तेव्हा लिहिताना इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या. पण हिच्याबद्दल मला नीट लिहायचंय. गल्लीतल्या सगळ्यांचे डाग काढणारी बाई ही. तिच्या हातून एक डाग निघायला नको होता, तो निघाला. पुढं जन्मभर ती तेवढा एक डाग शोधत राहिली.

उंच बाई, मोठ्या हाडाची. कपाळाला इभूत, गळ्यात लिंग, नेसायला जाड सुती लुगडं. हाताचे तळवे कायम पांढरे आणि सुरकुतलेले, नुकतेच पाण्यातून काढल्यासारखे. ती काही धुणंवाली नव्हती. तिचा नवरा हयात होता तोवर बाजारात गुळाच्या अडतीवर कामाला जायचा, त्यामुळं घरात गूळ आणि काकवी कधी कमी पडली नाही. तो गेल्यावरही अडतीवरची माणसं जाता-येता गाडगंभर काकवी ठेवून जायची.

तिच्या न्हाणीपुढं एक लाकडी फळी होती. तिच्यावर ओळीनं गाडगी. एकात रिठ्याचं पाणी, एकात आंबट ताक, एकात चिंचेचा कोळ, एकात चुन्याची निवळी. शिरक्याची बाटली मात्र फळीवर नाही, बाहेर कंपाउंडच्या भिंतीवर. शेजारची रझियाबी ताडी आंबवून शिरका करायची आणि बाटली भरून द्यायची. गंगाक्काच्या घरात ताडीचं नाव निघायचं नाही, म्हणून बाटलीनं बाहेरच राहायचं. रझियाबी चिडवायची, "अक्का, तुमारा देव भिंतके उस पार देखताच नै क्या?" गंगाक्का म्हणायची, "बघतोय की. पर डाग बी बघतोय."

प्रत्येक डागाची तिची वेगळी रीत होती. हळदीला ऊन दाखवायचं. रक्ताला गार पाणी आणि मीठ. शाईला ताक. पांढऱ्या कपड्यावर गवत लागलं तर लिंबू आणि मीठ लावून उन्हात टाकायचं, रंगीत कपड्याला लिंबू लावायचं नाही, रंग उडतो, त्याला काकवी. आणि गवताच्या डागाला कधी गरम पाणी दाखवायचं नाही, राख तर नाहीच. "गरम पाणी पडलं की गवत कापडात घर करतंय, मग त्येला कोण हलवंना," असं सांगायची.

पण हे सगळं नंतर. आधी ती विचारायची, डाग कुठला? म्हणजे कशाचा ते नव्हे. कशाचा ते तिला दिसायचंच. कुठं लागला, कसा लागला, तेव्हा कोण होतं जवळ, हे सांगितल्याशिवाय कपडा पाण्यात पडायचा नाही. आणि एकदा विचारलं की परत विचारायची नाही. कपडा मांडीवर ठेवायची, रिठ्याचं सूप ओढून घ्यायची आणि दगडानं एकेक रिठा फोडून बी बाजूला काढत बसायची. तुमच्याकडं बघायची नाही. तुम्ही खोटं सांगितलंत तर 'हं' म्हणायची आणि रिठे फोडत राहायची. कंटाळून माणूस खरं सांगायचं.

आमच्या गल्लीत एक मास्तर होते. तेव्हा नुकताच आमचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला होता, शाळेच्या पाट्या कन्नड झाल्या होत्या आणि मास्तर त्या वयात कन्नड शिकत होते, त्यामुळं आधीच चिडलेले. ते एकदा धोतर घेऊन आले, मागून सगळं हिरवं. म्हणाले, पोरांची कबड्डी बघायला गवतात बसलो होतो. गंगाक्का म्हणाली, "मास्तर, बसल्याचा डाग गोल असतोय. ह्यो वढलेला हाय." अर्धं सूप रिठे फुटले तेव्हा कुठं मास्तर बोलले. सायकल शिकत होते. उतारावर पडले आणि सायकलीसकट माळावरून घसरत खाली गेले. कन्नड आणि सायकल एकाच वर्षात, असं म्हणून गंगाक्का इतकी हसली की मास्तरही हसले. पण पोरांना सांगितलं नाही तिनं. तिच्या घरात सांगितलेली गोष्ट फळीच्या पुढं गेली नाही कधी.

मी पहिल्यांदा तिच्या दारात गेले ते माझी पांढरी साडी घेऊन. आमचं घर बुद्धाचं झालं त्याला फार वर्षं झाली नव्हती. दसऱ्याला विहारापुढच्या माळावर सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून वंदनेला बसलो होतो, उठून बघते तर मागं हिरवागार पट्टा. माहेरची एकुलती एक पांढरी साडी. सासूबाई म्हणाल्या, जा त्या अक्काकडं, घेती का बघ तुझी साडी. 'घेती का' म्हणजे काय ते मला कळलं. म्हणून मी तिच्या दारापासून चार हात लांब उभी राहिले आणि तिथूनच साडी पुढं केली.

"तितं कामून उभारलीस, तंगी?" ती म्हणाली. तंगी म्हणजे धाकटी बहीण, कन्नडात. "लांबनं डाग दिसतोय व्हय? आत ये."

मी आत गेले. तिनं साडी मांडीवर पसरली आणि विचारलं. मी सांगितलं, वंदना, माळ, बायका. "उठताना डावा हात टेकलीस," ती म्हणाली, "पदराला बोटं लागलीत बघ." खरंच, पदरावर चार बोटं उमटली होती, मला दिसलीही नव्हती. पुढं तिनं वंदना म्हणजे काय म्हणता ते विचारलं, मी पाठ म्हणून दाखवली, ती ऐकत राहिली. लिंबू-मीठ लावून साडी उन्हात टाकली आणि संध्याकाळी माझ्या हातात दिली. तेव्हापासून ती मला तंगी म्हणायची ते शेवटपर्यंत.

त्याच दिवशी मी तिच्या दोरीवर एक दुसरं लुगडं पाहिलं. हरभऱ्याच्या डाळीच्या रंगाचं, तांबडे काठ. विधवा बाई असला रंग नेसत नव्हती तेव्हा. मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, महादेवीचं आहे. गंगाक्काची एकुलती पोरगी, सासरी विहिरीत पाय घसरून गेली. लिंगायतांत पुरतात, तिला तिथंच सासरच्या शेताच्या कडेला पुरलं. आईच्या हातात तेवढी कपड्यांची पेटी आली.

मला वाटलं, आठवण म्हणून उन्हात टाकत असेल. पण आठवण म्हणून ठेवलेल्या कपड्याकडं माणूस असं बघत नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी ऊन डोक्यावर आलं की ते लुगडं दोरीवर यायचं. गंगाक्का त्याच्या सावलीच्या बाजूला उभी राहायची, कापड दोन्ही हातांनी ताणून धरायची आणि नाकाला लागेल इतक्या जवळून बघायची. वरून खाली, मग परत वरून खाली. काहीतरी वाचत असल्यासारखी. तेवढ्या वेळात कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. पोरी तिच्या अंगणात खेळायच्या, पण ते लुगडं दोरीवर असलं की आपोआप दुसरीकडं जायच्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता कमळची गोष्ट सांगते.

कमळ माझी धाकटी नणंद. राजेश्वर गावाच्या पलीकडं एका खेड्यात दिली होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती. श्रावणात एक दिवस अचानक आली, सोबत तिचा दीर. म्हणाली, आईला बघावं वाटलं. दीर म्हणाला, उद्या दुपारी दोनच्या गाडीनं परत न्यायचंय, शेतात काम आहे. कमळ पहिल्यापासून बडबडी पोरगी, त्या रात्री जेवताना दोन शब्द बोलली असेल. सकाळी आंघोळ करून आली आणि उतरवलेली साडी माझ्या हातात दिली. निळसर साडी, पाठीवर हिरवा डाग. मी म्हटलं, काय गं हे? ती म्हणाली, बांधावर घसरले.

सासूबाईंना लाज वाटली. माहेरी आली ती डागाची साडी घेऊन, आणि तशीच परत गेली तर सासरचे काय म्हणतील. मला म्हणाल्या, दोनच्या आत अक्काकडून काढून आण, कमळला घेऊन जा सोबत.

गंगाक्कानं साडी मांडीवर घेतली. डागावरून बोट फिरवलं. खांद्यापाशी सुरू झालं ते कमरेपर्यंत गेलं. बोट तिथंच थांबलं.

"डाग कुठला, पोरी?"

"घसरले, अक्का. बांधावर."

"घसरल्याचा डाग बुडाला असतोय. ह्यो खांद्यापासनं खाली आलाय."

गंगाक्कानं सूप ओढलं. रिठे फोडायला लागली. मी उभी, माझं सगळं लक्ष दोनच्या गाडीकडं. काकवी लावून ठेवायची तर अर्धा दिवस जाणार. थोड्या वेळानं न राहवून मी म्हटलं, "अक्का, गाडी हाय दोनची."

"जाऊ दे," ती म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. दगडाचा टक टक आवाज तेवढा. मग कमळ खालीच बघत म्हणाली, "केसाला धरून वढलं नवऱ्यानं."

"विहिरीपत्तुर?"

मी दचकले. कमळनं मान वर केली. तिनं विहिरीचं नावही काढलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "वाकवलं आन् म्हणला, हितं पाणी किती हाय बघून ठिव."

मी तिलाच रागावले, मूर्खासारखी. म्हटलं, काल आल्यापासून सांगितलं का नाहीस? कमळ माझ्याकडं बघून म्हणाली, "वैनी, साडी दिले की तुमच्या हातात."

गंगाक्काच्या हातातला दगड सुपात पडला. ती उठली, साडीची घडी केली, हिरवी बाजू वर ठेवून. तेवढ्यात सासूबाई आल्याच, उशीर का झाला म्हणून. निघत नाही का, त्यांनी विचारलं. गंगाक्का म्हणाली, निघतोय, पण मी काढत नाही. सासूबाई म्हणाल्या, लोक काय म्हणतील. तेव्हा गंगाक्का घडी छातीशी धरून म्हणाली, "माय, लोकायला काय म्हणायचंय ते साडी बघून म्हणू द्या."

आणि ती आमच्या घराकडं चालायला लागली. आजवर कधी आमच्या ओट्यावर चढली नव्हती, त्या दिवशी चढली. रस्त्याकडच्या दोरीवर साडी पसरली, डाग रस्त्याकडं करून. खाली दगडावर बसली. दीर आत चहा पीत होता. तो बाहेर आला, साडी बघितली, गंगाक्काकडं बघितलं. त्याला तिनं डाग कुठला ते विचारलंही नाही. गल्लीतली माणसं येता-जाता थांबायला लागली. रझियाबी येऊन तिच्या शेजारी बसली, मग मास्तरांची बायको. दोन वाजले. दीर एकटाच गाडीवर गेला.

सोपं नव्हतं ते. विहाराच्या ओसरीवर पंच दोनदा बसले, दोन्ही वेळा ती साडी मधे ठेवली होती. तिकडून निरोप आले, धमक्या आल्या. सासूबाई वर्षभर गंगाक्काशी बोलल्या नाहीत, पोरीचा संसार मोडला म्हणून. पण कमळ परत गेली नाही. शिवण शिकली, पुढं बिदरजवळच्या कोळारला कारखाने निघाले तिथं पॅकिंगला लागली, दुसरं लग्न केलं, आता तिला नातू आहे. फार बडबडते. बोलायला लागली की मी तिला थांबवत नाही.

साडीचा निकाल लागल्यावर एका दुपारी मी गंगाक्काला विचारलं. विहीर म्हणून तुम्हाला कसं कळलं?

ती बराच वेळ काकवीच्या गाडग्याचं तोंड फडक्यानं पुसत राहिली. मग सांगितलं. महादेवीपण अशीच आली होती, श्रावणातच, न कळवता. ते डाळीच्या रंगाचं लुगडं आईच्या मांडीवर ठेवून म्हणाली, अव्वा, हे बघ. पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत हिरवा डाग. एवढा मोठा डाग गंगाक्कानं तोवर पाहिला नव्हता. तिला काम मिळाल्याचा आनंद झाला. हो, आनंदच म्हणाली ती. दिवसभर खपली. काकवी, मग रिठा, मग परत काकवी. संध्याकाळपर्यंत लुगडं असं निघालं की तिनं शेजारणींना बोलावून दाखवलं, म्हणाली, कुठं होता सांगा बरं. कुणाला सांगता आलं नाही.

"महादेवी काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणली, निघाला व्हय. तेवढंच. दुसऱ्या दिवशी तेच नेसून गेली."

बाराव्या दिवशी निरोप आला. ही गेली तिथं. तिला विहिरीचा बांध दिसला, बांधावर हराळी माजलेली, आणि त्या हराळीचा रंग तिनं ओळखला. पण सासरची माणसं म्हणाली, पोरीला इथं काय कमी होतं, अंगावर ओरखडा नाही, कपड्याला डाग नाही, बघा हवं तर पेटी. पेटी उघडली तर वरच ते लुगडं, घडी केलेलं, लख्ख.

"मी काय दाखवू, तंगी?" ती म्हणाली. "मीच धुतलेले."

मी तिचा हात धरला. थंड होता. थोड्या वेळानं ती म्हणाली, तिला डाग अजून दिसतो, त्याची लांबी, रुंदी, कुठं गडद होता, कुठं फिका. पण लुगडं मांडीवर ठेवताना महादेवीचा चेहरा कसा होता ते आठवत नाही. "बघितलेच न्हाई मी," म्हणाली. "ती हितंच उभी होती, ह्या फळीपाशी. आन् मी डाग बघत बसले."

त्यानंतर ती त्याबद्दल कधी बोलली नाही आणि मी विचारलं नाही. फळी तशीच राहिली, गाडगी तशीच, रिठे फुटत राहिले. फळीच्या डाव्या बाजूला मात्र ती कधी कुणाला उभं राहू द्यायची नाही. 'हिकडं सर' म्हणायची. लोकांना वाटायचं गाडग्यांना धक्का लागेल म्हणून.

पुढं मालकांची बदली झाली, आम्ही उदगीरला गेलो. भालकीला येणं लग्नाकार्यापुरतं राहिलं. असंच एकदा, मास्तरांच्या पोरीच्या लग्नाला आले आणि दुपारी पंगत उठल्यावर गल्लीच्या टोकाला गेले. दार उघडंच होतं. फळीवर दोनच गाडगी उरली होती. अंगणात दोरीवर ते लुगडं आणि त्याच्या मागं गंगाक्काचे पाय दिसत होते.

मी हाक मारली. या खेपेला तिनं ओ दिली.

"कोण? तंगी?" लुगड्यामागून ती बाहेर आली. दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. "बरं झालं आलीस. तुजी नजर चांगली हाय. हे बघ जरा. हितं, खांद्यापासनं खाली. हिरवं दिसायलंय का?"

मी बघितलं. इतक्या वर्षांच्या उन्हानं डाळीचा रंग पार उडाला होता. कापड इतकं विरलं होतं की त्यातून पलीकडची भिंत दिसत होती, भिंतीवरची शिरक्याची बाटली दिसत होती. हिरवं कुठंच नव्हतं.

"दिसायलंय, अक्का," मी म्हणाले.

"कुठं? बोट ठिव."

मी खांद्यापाशी बोट ठेवलं आणि हळूहळू खाली आणलं, कमरेपर्यंत. माझ्या बोटामागून तिचं बोट येत होतं. शेवटाला ते थांबलं. तिनं लुगडं दोरीवरून ओढून घेतलं, फळीच्या उजव्या बाजूला बसली, ते मांडीवर पसरलं. डावी बाजू मोकळी होती. चाचपडत सूप जवळ ओढलं.

"डाग कुठला गं, बाई?" तिनं विचारलं.

मला नव्हतं विचारलं ते. मी दाराशी थोडा वेळ उभी राहिले. ती लुगड्याकडं बघत नव्हती, कुणाकडंच बघत नव्हती. एकेक रिठा फोडत, बी बाजूला काढत, ती वाट बघत बसली होती.